रूप पाण्याचं, नातं रक्ताचं

पापलेट आणि हलवा मासळी बाजारात एकाच पाटीत शेजारी मांडलेले दिसतात. दोघांचं अंग उंच आणि चपटं, तोंड लहान, शेपटी दुभंगलेली. मधला काटा काढला की खाणाऱ्याला धास्ती नाही. इंग्रजी बोलणारा व्यापारी हलव्याला सरळ 'ब्लॅक पॉम्फ्रेट' म्हणतो आणि गिऱ्हाइकालाही ते पटतं. एकाच घरातले दोन भाऊ, एक गोरा, एक सावळा. पण हलव्याच्या शेपटीच्या बुडाशी बोट फिरवलं तर कडक, खरखरीत खवल्यांची धार हाताला लागते. पापलेटला ती नसते, काटबांगड्याला असते. पापलेटला पोटाखालचे पर नसतातच. हलव्याच्या पिल्लाला ते असतात आणि वाढता वाढता नाहीसे होतात. म्हणजे मोठे झालेले दोघे सारखे दिसतात, पण तिथपर्यंत आलेले असतात वेगवेगळ्या वाटांनी.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत डीएनएच्या आधारे माशांची जी वंशावळ मांडली गेली, तिने या दोघांना आणखी दूर नेलं. पापलेट बसतो बांगडा, सुरमई आणि वाकटी यांच्या फांदीवर. हलवा बसतो दुसऱ्याच फांदीवर, आणि तिथे त्याचे नातलग कोण, तर खाडीतला जिताडा आणि तळाच्या वाळूला चिकटून राहणारा लेप. ताटासारखा गोल पापलेट आणि पट्ट्यासारखी लांब वाकटी जवळची, आणि पापलेटची हुबेहूब प्रतिमा वाटणारा हलवा मात्र परका! डोळ्यांना हे पटत नाही. या पुस्तकाला सुरुवात करण्याआधी वाचकाने डोळ्यांवरचा विश्वास थोडा सैल करावा, एवढ्यासाठी ही जोडी आधी पुढे ठेवली.

माशाकडे पाहताना दोन प्रश्न विचारता येतात. हा असा का दिसतो, हा पहिला. हा कुणाचा कोण, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा पाण्यात सापडतं: पाणी वाहतं की साचलेलं, गोडं की खारं, उथळ की अथांग, गढूळ की नितळ. दुसऱ्याचं उत्तर हाडांत, भ्रूणात आणि गुणसूत्रांत असतं. ही दोन उत्तरं अनेकदा जुळत नाहीत, आणि मत्स्यशास्त्रातली बरीच गंमत आणि बरेच घोटाळे या न जुळण्यातून निघतात. अनुकूलन आणि वर्गीकरण हे विषय पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवले जातात आणि परीक्षेपुरते वेगवेगळे पाठही होतात. इथे ते मुद्दाम समोरासमोर ठेवले आहेत.

मुळात मासा म्हणजे काय, इथूनच अडचण सुरू होते. आजवर ३५,००० हून अधिक जातींची शास्त्रीय नोंद झाली आहे. पाठीचा कणा असलेल्या सगळ्या प्राण्यांच्या, म्हणजे बेडूक, सरडे, पक्षी आणि सस्तन प्राणी एकत्र धरून होणाऱ्या जातींच्या, निम्म्याहून अधिक जाती माशांच्या आहेत. एवढ्या मोठ्या गोतावळ्याची व्याख्या साधी असेल असं वाटतं: पाण्यात राहणारा, कल्ल्यांनी श्वास घेणारा, पर असलेला कणाधारी प्राणी. बाजारहाटाला ही व्याख्या पुरते. वंशावळीला मात्र ती पुरत नाही, कारण माशांची किमान चार जुनी घराणी आहेत आणि त्यांचं एकमेकांशी नातं फार दूरचं आहे.

पहिलं घराणं जबडा नसलेल्यांचं. हॅगफिश आणि लॅम्प्रे एवढेच त्याचे आजचे वारस. दुसरं कास्थिमत्स्यांचं: मुशी, पाकट आणि त्यांचे भाऊबंद. यांचा सांगाडा हाडाचा नसून कूर्चेचा असतो. तिसरं किरणपरी माशांचं, म्हणजे ज्यांचे पर काड्यांवर ताणलेल्या पडद्यासारखे असतात अशांचं. बांगडा, तारली, रोहू, मरळ, बोंबील, घोळ, म्हणजे आपल्या ओळखीचा जवळजवळ प्रत्येक मासा इथे येतो. चौथं घराणं मांसल परांच्या माशांचं. त्यांच्या परांच्या आत हाडांची रांग असते: खांद्याजवळ एक, मग दोन, मग अनेक. आपल्या दंडात एक हाड, पुढच्या हातात दोन आणि मनगटात अनेक असतात, हे लक्षात घेतलं की या घराण्याचं महत्त्व निराळं सांगावं लागत नाही.

या चौथ्या घराण्याचे पाण्यात उरलेले वारस मोजकेच आहेत. फुप्फुसमासे ऑस्ट्रेलिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत आढळतात. दुसरा सिलाकँथ. तो डायनोसोरांच्या काळाबरोबर संपला असं मानलं जात होतं. डिसेंबर १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडनच्या संग्रहालयात काम करणाऱ्या मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर यांना एका ट्रॉलरच्या मासळीत निळसर, जाड खवल्यांचा एक अपरिचित मासा दिसला. त्यांनी त्याचं रेखाचित्र जे. एल. बी. स्मिथ या मत्स्यतज्ज्ञाकडे पाठवलं. स्मिथनी त्याला लॅटिमेरिया हे नाव दिलं. घराण्याची तिसरी शाखा पाणी सोडून गेली. तिच्या वाटेवरचा एक टप्पा कॅनडाच्या उत्तर टोकाला एल्समीर बेटावर २००४ मध्ये खडकात सापडला आणि २००६ मध्ये जगापुढे आला. सुमारे साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीचा हा टिक्टालिक. त्याला खवले आणि पर होते, शिवाय मानही वळवता येत होती आणि पुढचे पर टेकून अंग उचलता येत होतं. त्या शाखेचे आजचे प्रतिनिधी म्हणजे बेडूक, साप, कावळे, गाई आणि आपण.

याचा परिणाम गमतीचा होतो. फुप्फुसमाशाचं सुरमईशी जितकं जवळचं नातं, त्याहून जवळचं नातं गाईशी आहे. 'मासे' हे एक पूर्ण कूळ ठरवायचं असेल तर त्यात आपलीही गणना करावी लागेल. आपल्याला वगळायचं असेल तर मासे हे कूळ राहत नाही, पाण्यात राहिलेल्या अनेक कुळांचा तो मेळावा होतो. शास्त्रज्ञांनी हे केव्हाच मान्य केलं आहे. ते 'मासा' हा शब्द वापरतात, पण वर्गीकरणाच्या तक्त्यात त्या नावाचा एकच खाना ठेवत नाहीत.

वर्गीकरणाचा इतिहासही डोळ्यांवरचा विश्वास हळूहळू कमी होण्याचा इतिहास आहे. स्वीडनचा पीटर आर्टेडी हा मत्स्यशास्त्राचा जनक मानला जातो. त्याने पर, काटे आणि कल्ले मोजून माशांचे गट पाडले, तरी व्हेल मात्र माशांतच ठेवला. १७३५ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या कालव्यात पडून तो तरुण वयात वारला. त्याचं हस्तलिखित त्याचा मित्र लिनियसने १७३८ मध्ये छापलं. पुढे १७५८ च्या आपल्या ग्रंथात लिनियसने व्हेलला माशांतून काढून सस्तन प्राण्यांत नेलं. आकार माशाचा असला तरी पिल्लांना दूध पाजणारा प्राणी मासा नव्हे, हा निर्णय आज साधा वाटतो. त्या काळी तो धाडसाचा होता.

दख्खनच्या माशांची पहिली मोठी शास्त्रीय नोंद कर्नल विल्यम हेन्री साइक्सने केली. मुंबई सरकारसाठी सांख्यिकी गोळा करत फिरताना त्याने इथल्या नद्यांतले मासे जमवले आणि १८३९ च्या सुमारास त्यांची वर्णनं प्रसिद्ध केली. त्याचं एक चांगलं काम म्हणजे त्याने घाटावरच्या मच्छीमारांकडून कळलेली नावं लॅटिन नावांत तशीच ठेवली. महाशीराच्या एका जातीचं शास्त्रीय नाव म्हणूनच आजही खुद्री, शिंगटीचं सींगटी, कोळशीचं कोलस आहे. त्याच्या मागोमाग फ्रान्सिस डे हा लष्करी वैद्य आला. १८७५ ते १८७८ मध्ये त्याने प्रसिद्ध केलेला 'द फिशेस ऑफ इंडिया' आजही अभ्यासकाच्या टेबलावर असतो.

मासे पकडणाऱ्यांचं वर्गीकरण दरवेळी चुकतं असंही नाही. आपल्या किनाऱ्यावर चोरबोंबील म्हणून एक मासा मिळतो. अंग कडक, खवले पक्के, रंग तपकिरी. मऊसर, पारदर्शक बोंबलाशी त्याचं काही नातं असेल असं वरवर पाहून वाटत नाही. पण दोघांचं तोंड उघडून पाहा. डोळ्यांच्या पार मागेपर्यंत फाकणारा जबडा, आणि त्यात आतल्या बाजूला वळलेल्या सुईसारख्या दातांच्या रांगा. शास्त्रज्ञही या दोघांना एकाच कुळात ठेवतात. कोळ्यांनी तोंड पाहून जोडी लावली आणि ती बरोबर ठरली. व्यापाऱ्यांनी अंगाचा आकार पाहून हलव्याला पापलेट म्हटलं आणि ते फसलं. कुठलं लक्षण नात्याचं आणि कुठलं राहणीचं, हे ओळखणं म्हणजेच वर्गीकरण.

आता दुसऱ्या बाजूने पाहू. पाणी माशाकडे काय मागतं?

पाणी हवेच्या सुमारे आठशे पट घन असतं. त्यात पुढे सरकायला ताकद लागते, पण शरीराचं वजन पेलायला फारशी लागत नाही. म्हणून माशाला खांबासारखे पाय नकोत. त्याला हवं घर्षण टाळणारं अंग आणि अंगाच्या दोन्ही बाजूंना ओळीने रचलेले, बळकट स्नायू. दुसरी गोष्ट प्राणवायूची. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर प्राणवायू असतो. एक लिटर पाण्यात जेमतेम पाच-सहा, आणि पाणी गरम झालं की त्याहूनही कमी. एवढ्याशा साठ्यावर जगायचं तर त्यातला बराचसा वसूल करावा लागतो. कल्ल्यांची रचना या कामासाठी घडली आहे. कल्ल्यांच्या पातळ पापुद्र्यांवरून पाणी एका दिशेने वाहतं आणि आतल्या केशवाहिन्यांतलं रक्त उलट दिशेने. त्यामुळे रक्ताला वाटेत प्रत्येक ठिकाणी स्वतःपेक्षा जास्त प्राणवायू असलेलं पाणी भेटतं, आणि देवाणघेवाण शेवटपर्यंत चालू राहते. रक्त आणि पाणी एकाच दिशेने वाहिले असते तर अर्ध्या वाटेतच दोघांची बरोबरी होऊन काम थांबलं असतं.

जिथे पाण्यात प्राणवायू फारच कमी, तिथे माशांनी हवेचा आधार घेतला. डबक्यातल्या मरळीच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, हवा घेण्याची खास पोकळी असते. मोठ्या मरळीला जाळ्याखाली अडवून पृष्ठभागावर येऊ दिलं नाही तर पाण्यात असूनही ती गुदमरून मरते. मांगूर आणि शिंगी यांनीही ही सोय केली आहे, पण आपापल्या स्वतंत्र रचनेने.

याहून पुढे गेलेला मासा पाहायचा तर कोकणातल्या कुठल्याही खाडीवर ओहोटीच्या वेळी उभं राहावं. चिखलावर बोटाएवढे, भुऱ्या रंगाचे प्राणी टुणटुण उड्या मारताना दिसतात. त्या निवट्या. डोळे डोक्याच्या माथ्यावर, बेडकासारखे वर आलेले. मधूनच एखादी निवटी डोळा आत खेचते आणि खोबणीतल्या पाण्यात भिजवून पुन्हा वर काढते. पुढचे पर कोपरापासून वाकल्यासारखे टेकून ती सरपटते. कल्ल्यांत पाणी धरून ठेवते, ओल्या कातडीतून आणि घशाच्या अस्तरातून हवेतला प्राणवायू घेते. काही जाती डोकं एकसारखं डावीकडे-उजवीकडे फिरवत चिखलावरचा शेवाळाचा थर खरवडून खातात. बिळातल्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून निवट्या तोंडात हवा भरून आत नेतात आणि बिळाच्या वरच्या कप्प्यात सोडतात. त्या हवेच्या कप्प्यातच त्यांची अंडी असतात. आणि या प्राण्याला पायांच्या वंशावळीत काहीही जागा नाही! निवटी गोबी कुळातली, पक्की किरणपरी. जमिनीकडे जाण्याचा प्रयत्न टिक्टालिकच्या घराण्यानंतर फार उशिराने, तिने आपल्या परीने सुरू केला.

मिठाचा प्रश्नही असाच. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात बाहेरच्यापेक्षा मीठ जास्त, म्हणून पाणी सतत त्याच्या अंगात शिरतं. तो पाणी पीत नाही आणि पातळ लघवी मोठ्या प्रमाणात बाहेर टाकतो. समुद्रातल्या अस्थिमत्स्याच्या रक्तात समुद्राच्या सुमारे एक तृतीयांश मीठ. त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर खेचलं जातं. म्हणून तो समुद्राचं पाणी पितो आणि कल्ल्यांतल्या खास पेशींतून मीठ बाहेर टाकतो. मुशी आणि पाकट यांनी तिसरीच युक्ती केली. त्यांनी युरिया बाहेर न टाकता रक्तातच साठवला, इतका की आत आणि बाहेर जवळजवळ समतोल राहतो. युरिया प्रथिनांना घातक, म्हणून त्याच्यावर उतारा म्हणून टीएमएओ नावाचं दुसरं संयुगही ते साठवतात. मोरीचं, म्हणजे मुशीचं, मटण करणाऱ्या घरात हा रसायनाचा धडा नाकानेच कळतो: मासा शिळा झाला की जंतू युरियाचा अमोनिया करतात आणि तो उग्र वास येतो. हेच टीएमएओ खोल समुद्रातले अस्थिमत्स्य दाबापासून प्रथिनं वाचवायला वापरतात. जितकं खोल, तितकं त्याचं प्रमाण जास्त. पण ते ठराविक मर्यादेपलीकडे वाढलं तर अंगात पाणी शिरू लागेल. त्यामुळे साधारण ८,२०० ते ८,४०० मीटरखाली मासे सापडणार नाहीत असा अंदाज शास्त्रज्ञांनी बांधला होता. २०२२ मध्ये जपानजवळच्या इझू-ओगासावारा गर्तेत स्नेलफिश कुळातला मासा ८,३३६ मीटरवर कॅमेऱ्यात दिसला. आजवरचा तो सर्वांत खोलवरचा मासा आहे.

तरंगत राहण्याच्या प्रश्नाला घोळीचं उत्तर आपल्या किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत आहे, कारण त्याला सोन्याचा भाव येतो. घोळीच्या पोटातलं भोत म्हणजे तिचं वाताशय. त्यात वायू कमी-जास्त करून मासा हव्या त्या खोलीवर फारसे कष्ट न घेता थांबतो. घोळीचे भाऊबंद भोताभोवतीचे स्नायू थरथरवून आवाजही काढतात. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी डार्विनला वाटलं होतं की वाताशयाचं पुढे फुप्फुस झालं. आज क्रम उलटा मानला जातो: फुप्फुस आधी, आणि त्याचंच बहुतेक माशांत वाताशय झालं. सुरमईला मात्र वाताशय नाही. ती सतत पोहते, आणि वर-खाली झेप घेताना वायूच्या फुग्याचा अडथळा तिला नको. मुशीलाही ते नाही. तिचं तेलाने भरलेलं मोठं यकृत तिला हलकं ठेवतं.

इतकी उदाहरणं पाहिल्यावर एक गोष्ट ठळक होते. प्रश्न एकच असला तरी वेगवेगळ्या घराण्यांची उत्तरं कधी निराळी येतात, कधी आश्चर्यकारकपणे सारखी. तळाशी चपटं होऊन राहायचं हा एक प्रश्न घ्या. पाकटाने पोट खाली ठेवून अंग पसरलं. म्हणून त्याचे डोळे वर आणि तोंड खाली राहिलं. लेप मात्र एका कुशीवर आडवा झाला. अंड्यातून निघालेल्या लेपाच्या पिल्लाचे डोळे सर्वसाधारण माशासारखे दोन बाजूंना असतात. वाढताना एक डोळा कवटीवरून सरकत दुसऱ्या बाजूला येतो. दोघांचे आकार सारखे, पण शरीराचा कोणता भाग वर गेला हे पाहिलं की दोन वेगळे इतिहास उलगडतात. दक्षिण ध्रुवाजवळच्या माशांच्या आणि उत्तर ध्रुवाजवळच्या कॉडच्या रक्तात, पाणी उणे दोन अंशांच्या जवळ गेलं तरी रक्त गोठू न देणारी जवळजवळ एकसारखी प्रथिनं सापडतात. जनुकं तपासली तेव्हा कळलं की दोन्हींचा उगम पूर्ण वेगळा आहे.

सह्याद्रीच्या ओढ्यांनी हाच प्रश्न भारतीय मत्स्यशास्त्राच्या मध्यावर आणला. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक राहिलेले सुंदरलाल होरा यांनी आयुष्याचा मोठा भाग खळाळत्या पाण्यातल्या माशांच्या अभ्यासात घालवला. डोंगरातल्या प्रवाहात दगडाला धरून राहण्यासाठी मळ्यासारख्या गॅरा माशांच्या हनुवटीखाली चिकटणारी चकती असते, ग्लिप्टोथोरॅक्स या शिंगाळ्यासारख्या माशाच्या छातीवर कातडीच्या वळ्या असतात, तर बालिटोरा आपले चारही पर पसरून अंगच चकतीसारखं करतो. तीन वेगळी कुळं, एकच वेगवान पाणी. होरांच्या लक्षात आलं की पश्चिम घाटातल्या अशा काही माशांचे जवळचे नातलग मलाया आणि ईशान्य भारतात आहेत, पण मधल्या पट्ट्यात नाहीत. एके काळी सातपुडा हा त्यांच्या प्रवासाचा पूल होता, असं त्यांनी सुचवलं. या सिद्धांतावर पुढे खूप वाद झाला आणि जनुकीय अभ्यासांनी त्याचे काही भाग डळमळीत केले. एक कारण असं की सारखा प्रवाह सारखे अवयव स्वतंत्रपणे घडवू शकतो, आणि मग दिसण्यावरून नातं सांगणं धोक्याचं ठरतं. होरांचं मोठेपण मात्र कमी होत नाही. या प्रश्नाला पाणी आणि वंश या दोन्ही बाजूंनी भिडणाऱ्या पहिल्या भारतीयांत ते होते.

त्यांच्याच नावाचा एक मासा मुंबईच्या किनाऱ्यावर सापडला. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९४० मध्ये वर्णन केलेला हा मासा जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा, काचेसारखा पारदर्शक. त्याचं नाव होराइक्थिस सेटनाई. नराचा गुदपर बदलून एक नाजूक अवयव झालेला असतो. त्याने तो शुक्राणूंची पुडी मादीच्या अंगाला चिकटवतो. फलन आत होतं, मग मादी अंडी बाहेर घालते. मादीचा उजवा पोटपर नसतो. ही रचना इतकी वेगळी होती की कुलकर्णींनी तिच्यासाठी स्वतंत्र कूळच निर्माण केलं, आणि त्या वेळच्या पुराव्यावर ते योग्यच होतं. पुढे सांगाड्याचा आणि नात्यांचा अभ्यास वाढला तसा हा मासा भातखाचरांत राहणाऱ्या ओरिझियास माशांमध्ये सामावला गेला. आज त्याला ओरिझियास सेटनाई म्हणतात. कुलकर्णी पुढे महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक झाले आणि लोणावळ्याला महाशीराच्या कृत्रिम प्रजननाच्या कामातही सहभागी होते. कूळ गेलं, पण त्यांनी टिपलेला प्रत्येक तपशील जसाच्या तसा उपयोगी राहिला. वर्गीकरण बदलतं, नीट केलेलं निरीक्षण बदलत नाही.

पुस्तकाची मांडणी या विचाराला धरून आहे. पहिला भाग पाण्याचा: श्वास, मीठ, दाब, तापमान, प्रकाश आणि आवाज. दुसरा भाग घराण्यांचा, जबडा नसलेल्यांपासून बांगड्यापर्यंत. तिसरा भाग प्रजननाचा आणि पिल्लांच्या संगोपनाचा. नावांच्या बाबतीत किनाऱ्यावर आणि घाटावर प्रचलित असलेलं नाव आधी दिलं आहे आणि शास्त्रीय नाव त्याच्या जोडीला, कारण एकच नाव मालवणात एका माशाला आणि डहाणूला दुसऱ्याच माशाला लावलं जातं, हे मासे विकत घेणाऱ्या कुणालाही सांगायला नको. 'जाती' हा शब्द सर्वांत लहान गटासाठी आणि 'कूळ' हा मोठ्या गटासाठी वापरला आहे.

वाचकाला हे सगळं हवंच का, असा प्रश्न येईल. त्याचं व्यवहारी उत्तर तिसऱ्या भागात आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा घोषित केलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आणि लहान मासे पकडू नयेत असे नियम आहेत. 'लहान सोडा, मोठे धरा' हे सूत्र ऐकायला बिनतोड आहे. पण जिताडा आयुष्याची पहिली काही वर्षं नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो; फक्त मोठे धरले तर माद्या संपतात. हेकरूचं उलटं: आधी मादी, मग नर, तिथे फक्त मोठे धरले तर नर संपतात. शिंगाळ्याचा नर अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळतो. त्या दिवसांत त्याचा मोठा थवा जाळ्यात आला तर बापांबरोबर पुढची पिढीही जाते. मुशी पिल्लांना जन्म देते, पण तारली-बांगड्यासारखी लाखो अंडी घालत नाही. तिची घट लवकर भरून निघत नाही. आणि खुद्द पापलेटबद्दल अलीकडच्या अभ्यासांनी दाखवलं आहे की आपल्या किनाऱ्यावरचा चंदेरी पापलेट म्हणून आपण ज्या जातीचं नाव घेत होतो, ती ही नव्हे. त्याचं नाव पॅम्पस कॅन्डिडस. म्हणजे दुसऱ्या जातीवर केलेल्या अभ्यासातले वाढीचे आणि वयाचे आकडे त्याला आंधळेपणाने लावून चालणार नाही.

'मासे वाचवा' या घोषणेचं नियमात रूपांतर करायचं तर आधी कुठला मासा, हे विचारावं लागतं. तो केव्हा वयात येतो, कुठल्या पाण्यात अंडी घालतो, पिल्लं कोण सांभाळतं, हे त्या त्या जातीला विचारावं लागतं. एकच कूळ नसलेल्या प्राण्यांना एकच नियम पुरत नाही. जाळ्याच्या आसाचा आकार ठरवणारा अधिकारी, लिलाव पुकारणारा दलाल, वाटा लावून विकणारी कोळीण आणि बाजारातून पिशवी भरून नेणारं गिऱ्हाईक या चौघांपैकी कुणाच्याही हाती हे पुस्तक पडलं आणि हा प्रश्न आधी विचारण्याची सवय लागली, तर प्रस्तावनेचं काम झालं. पुढचं काम प्रकरणांनी करायचं आहे.